अक्षरात दडलेला हत्ती

[दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर कासवाचं कवच. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

हे कासवाच्या पोटाकडचं कवच. जुन्या हस्तिदंतासारखं पिवळट. नीट पाहा, त्यावर सुईनं ओरखडल्यासारख्या बारीक खुणा आहेत.

चीनच्या हनान प्रांतात, आन्यांगजवळच्या शेतांत असे तुकडे निघत. औषधांच्या दुकानात ते ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून विकले जात आणि कुटून काढ्यात पडत. १८९९ साली बीजिंगमधल्या वांग यिरोंग या विद्वानानं ओळखलं, की या खुणा म्हणजे अक्षरं आहेत. तोवर किती वाक्यं लोकांच्या पोटात गेली असतील, या विचारानं आजही जीव हळहळतो.

ही लिपी शांग राजांच्या काळातली, सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. पाऊस पडेल का? दात दुखतोय, कुणा पूर्वजाचा कोप तर नाही? राजाला असं काही विचारायचं असलं, की कवचाच्या किंवा हाडाच्या मागच्या बाजूला खळगे कोरायचे आणि तिथं चटका द्यायचा. पुढच्या बाजूला तडा जाई. एक उभी रेघ आणि तिला फुटलेला छोटा फाटा. त्या तड्यावरून राजा कौल वाचायचा.

[दृश्य : तडा. त्याच्यावरच आजचं छापील अक्षर येऊन बसतं.]

कौल लावण्याचं चिनी अक्षर आजही हेच आहे. उभी रेघ, एक फाटा. उच्चार ‘बू’.

आता या ओळी. वू दिंग राजाची राणी फू हाओ गरोदर आहे. प्रश्न असा, की बाळंतपण नीट होईल ना? राजानं तडे पाहून शुभ दिवस सांगितले. पुढे निकाल कोरलाय : एकतिसाव्या दिवशी बाळंत झाली. शुभ नाही. मुलगी झाली.

हीच फू हाओ स्वतः सैन्य घेऊन मोहिमेवर जायची. १९७६ साली आन्यांगला तिची कबर सापडली, त्यात तिची शस्त्रंही होती. मुलगी झाली म्हणून ‘शुभ नाही’ असं जिच्या बाळंतपणाबद्दल लिहून ठेवलं, ती ही बाई. या दोन शब्दांवरून मला पुढे सरकवत नाही.

[दृश्य : हाडावरचा घोडा.]

हा घोडा. मोठा डोळा, मानेवरची आयाळ, पाय, शेपटी. पण तो शेपटीवर उभा का? हाडांखेरीज लिहायचं असे वरून खाली, बहुधा बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर. आडवा घोडा तिथं मावायचा नाही.

घोड्याचं चित्र निघतं. ‘येणे’चं कसं काढायचं? तिथं कानानं मदत केली. गव्हाच्या रोपाचं एक चित्र होतं आणि त्याचा उच्चार ‘येणे’च्या उच्चाराशी जुळायचा. मग गव्हाचं चित्रच ‘येणे’साठी उसनं घेतलं. ते परत काही मिळालं नाही, गव्हासाठी वेगळं अक्षर रूढ झालं. पुढे आणखी एक युक्ती निघाली : अर्थाचा एक तुकडा, उच्चाराचा एक तुकडा. ‘आई’ लिहिताना बाईशेजारी घोडा काढतात. घोड्याचा आईशी काडीचा संबंध नाही. घोडा म्हणजे ‘मा’, आई म्हणजेही ‘मा’, फक्त सूर वेगळा. आजची बहुतेक चिनी अक्षरं अशाच जोडणीची आहेत. तिला नुसती चित्रलिपी म्हणणं म्हणजे तिची निम्मी हुशारी नाकारणं.

इसवी सनापूर्वी २२१ साली छिन राज्याचा राजा छिन शि ह्वांग यानं चीनमधली बाकीची सगळी राज्यं जिंकली आणि अक्षरांची ठिकठिकाणची वेगवेगळी वळणं मोडून सर्वत्र एकच वळण लागू केलं. पण माझ्या मते चित्रं खरी पुसली ती कारकुनांनी. हातात कुंचला, समोर हिशेबांचा ढीग. गोलाई गेली, सरळ फटकारे आले. घोड्याचे पाय चार ठिपके झाले.

[दृश्य : आजचं एक अक्षर, चार फटकाऱ्यांचं.]

‘करणे’. उच्चार ‘वेइ’. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शन या पंडितानं ९,३५३ अक्षरांचा कोश रचला. या अक्षरापाशी त्यानं लिहिलं, की हे माकड आहे. त्याचा दोष नाही. जुनं चित्र तोवर ओळखू येईनासं झालं होतं, आणि ती हाडं त्याच्या काळी जमिनीखाली होती.

ती वर आली तेव्हा कोडं उलगडलं. तिथं एक हात आहे आणि त्या हातानं धरलेली सोंड. काम करणं म्हणजे हत्तीला कामाला लावणं!

उत्तर चीनमध्ये हत्ती? होते. तेव्हा तिथली हवा जास्त उबदार होती. हाडांवर हत्तींच्या शिकारीचे उल्लेख आहेत, आणि आन्यांगच्या उत्खननात पुरलेले हत्तीही सापडले. पुढे हत्ती दक्षिणेकडे हटत गेले. आज चीनमधले रानटी हत्ती उरलेत ते दूर युन्नानमध्ये.

[दृश्य : शाळेतलं एक मूल वहीत ते अक्षर गिरवतं. ठिपका, तिरका फटकारा, वळसा, ठिपका. शाई वाळते, आणि तिच्याखालून हाडावरच्या रेघा वर येतात : हात, सोंड, पाठ, पाय.]