साबण 12 तास, पाणी 124 तास
(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मंडळी, मे महिन्यात संध्याकाळी घराबाहेर पडलेला खान्देशी माणूस एकतर लग्नाला निघालेला असतो किंवा व्याख्यानाला. लग्नात निदान जेवण असतं. तेव्हा तुमचे दुप्पट आभार.

विषय थोडक्यात असा. दात्याची कातडी घ्यायची, डुकराच्या हृदयाची झडप घ्यायची, गुराच्या हृदयावरचं आवरण घ्यायचं. त्यातल्या पेशी काढून टाकायच्या. मागे राहतं ते कोलॅजेन आणि इलॅस्टिन या प्रथिनांच्या धाग्यांचं जाळं, आणि ते रुग्णाच्या अंगात बसवायचं. परक्या पेशी दिसल्या की आपलं शरीर भांडायला उठतं. कोलॅजेन मात्र प्राण्याप्राण्यांत इतकं सारखं असतं की शरीर ते बऱ्यापैकी चालवून घेतं आणि हळूहळू स्वतःच्या पेशी तिथं वस्तीला धाडतं. वेलीवर वाळलेलं गिलकं आठवा. साल गेली, गर गेला, बिया झटकल्या. हातात राहते ती अंग घासायची जाळी, पण आकार गिलक्याचाच. उपमा इथंच सोडतो, कारण गिलक्याला पुन्हा जिवंत करायला कुणी जात नाही. इथं नेमकं तेच करायचंय.

आता माझं जुनं दुखणं. 2008 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि हॅराल्ड ऑट यांनी उंदराचं हृदय पेशीमुक्त केलं, त्यात नव्या पेशी सोडल्या आणि ते हललं. जगभर बातम्या झाल्या, 'प्रयोगशाळेत हृदय धडधडलं' वगैरे. धडधड केवढी? प्रौढ हृदयाच्या ताकदीच्या सुमारे 2 टक्के. त्याला टाळ्या पडल्या, पडू द्या. माझ्या टाळ्या धुलाईला होत्या. त्या कृतीत साबणाचं द्रावण 12 तास चालवलंय आणि त्यानंतरचं धुणं 124 तास! साबण म्हणजे एसडीएस. शाम्पूत आणि टूथपेस्टमध्ये फेस आणणारा तोच, म्हणजे आज सकाळी तुमच्या तोंडात होता. तो पेशीचं आवरण विरघळवतो, पण कोलॅजेनला चिकटून बसतो आणि मागाहून येणाऱ्या नव्या पेशींनाही मारतो. म्हणून एवढं पाणी. बातमीत हे 124 तास कुठंही नव्हते.

हे वाचलं आणि डोक्यात किडा वळवळला: कॉलेजातल्या आपल्या पोरांना दाखवायचं. सकाळी खाटकाकडे गेलो, बकऱ्याचं ताजं हृदय मागितलं, म्हटलं, महाधमनी लांब ठेवून काप. तो म्हणाला, "कसाले, सर?" म्हटलं, धुवायचंय. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी निवृत्तीच्या आधीच निवृत्त झालो. (हशा) "येले शिजाडतस, धोतस नही!" पैसे मात्र घेतले नाहीत. कॉलेजवाल्यांची त्याला दया आली असावी.

सलाइनची बाटली उंच टांगली, नळी महाधमनीत बांधली. यातली गंमत ऐका. महाधमनीतून द्रावण उलटं सोडलं की हृदयाच्या तोंडाशी असलेली झडप आपसूक मिटते. मग द्रावणाला एकच वाट उरते, हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या धमन्या. म्हणजे साबण बाहेरून चोळावा लागत नाही, तो केशवाहिन्यांतून आत शिरतो. पंप नको, वीज नको. आमच्याकडच्या भारनियमनाचा पराभव झालेला मी पाहिला तो तेवढाच. खाली बादलीत आधी लाल, मग गुलाबी, मग गढूळ पाणी. पोरं पाळीपाळीनं बाटल्या बदलत होती. रात्री हृदय रसायनशास्त्राच्या फ्रिजमध्ये. त्याच फ्रिजमध्ये गणिताचे एक शुद्ध शाकाहारी सर ताक ठेवत. पुढचं सांगत नाही, ते समोरच बसलेत. (हशा)

शेवटी हृदय पांढरट, अर्धपारदर्शक झालं. धमन्यांची नक्षी जशीच्या तशी. नेमकी त्याच वेळी कॉलेजात तपासणी समिती आली. एका सदस्यांनी बरणी उचलून विचारलं, "मेणाची प्रतिकृती छान आहे, कुठून मागवली?" मी सांगितलं, बकऱ्याकडून. अहवालात नोंद झाली: 'विभागाकडे प्रतिकृतींचा चांगला संग्रह आहे.' तो कागद मी अजून जपून ठेवलाय. एवढी धुलाई केलेल्या पोरांचा त्यात उल्लेख नाही, हा माझा राग अजून गेलेला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे जे सांगायला आलो ते आता सुरू होतंय.

पांढरं दिसलं म्हणजे पेशी गेल्या, असं नाही. आमच्या बकऱ्याचं हृदय दिसायला सुंदर होतं, पण माणसात बसवायच्या लायकीचं आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. ते मोजावं लागतं. 2011 पासून बहुतेक प्रयोगशाळा एक कसोटी धरतात: वाळवलेल्या ऊतीच्या एका मिलिग्रॅममध्ये डीएनए 50 नॅनोग्रॅमपेक्षा कमी हवं, त्याचे उरलेले तुकडे 200 बेसजोड्यांपेक्षा (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या 200 पायऱ्यांपेक्षा) आखूड हवेत आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर केंद्रकं दिसता कामा नयेत.

मोजलं नाही तर काय होतं? 2001 साली व्हिएन्नात चार मुलांना डुकराच्या 'पेशीमुक्त' झडपा बसवल्या. तीन मुलं दगावली; चौथ्याची झडप धोका ओळखून काढून घेतली. न वापरलेल्या झडपा तपासल्या तेव्हा त्यांत पेशींचे अवशेष निघाले. शिवाय डुकराच्या ऊतीत अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. माणसात ती नसते आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आपल्या रक्तात आधीच तयार असतात. ही साखर जाळ्यातल्या प्रथिनांवरही बसलेली असते, म्हणजे पेशी गेल्या तरी भांडणाचं कारण शिल्लक. उलट बाजूही आहे. जास्त धुतलं की जाळंच कमजोर होतं. सगळं कसब या दोन टोकांच्या मधलं.

आपल्या देशात काम चालू आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयापासून जखमेवर लावायचं पेशीमुक्त आवरण केलं, त्याला 2023 मध्ये मान्यता मिळाली. हैदराबादेत दान केलेल्या कॉर्नियांच्या, म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक पडद्यांच्या, पेशीमुक्त जाळ्यापासून थ्रीडी प्रिंटरवर छापलेला कॉर्निया 2022 मध्ये सशाच्या डोळ्यात बसवून पाहिला. डॉक्टर मंडळी इथं आहेत, त्यांना दोनच विनंत्या. असं कलम, म्हणजे अंगात बसवायची पेशीमुक्त ऊती, वापराल तेव्हा कंपनीच्या माणसाकडे डीएनएचा आकडा मागा. रंगीत माहितीपत्रकावर भागवू नका. आणि ते कुठल्या प्राण्याचं आहे हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधी सांगा. कुणाला डुक्कर चालत नाही, कुणाला गाय. घरी गेल्यावर कळलं तर तो तुमच्या दारात येईल, आणि ते योग्यच होईल.

मागून एक चिठ्ठी आलीय: 'पालकाच्या पानातल्या पेशी काढून त्यावर हृदयाच्या पेशी वाढवल्या म्हणे, मग आपल्या कापसाचं काय?' पालकाचं खरं आहे, 2017 सालचं, अमेरिकेतलं. पानाच्या शिरा त्यांनी रक्तवाहिन्यांसारख्या वापरल्या. पान काय आणि कापूस काय, दोन्हीकडे सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीचा तंतू, आणि ते पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या शरीरात नाही. म्हणजे बसवलं की ते तिथंच राहणार. कायमचा आधार हवा तिथं चालेल. जिथं आधार विरून रुग्णाची स्वतःची ऊती यायला हवी, तिथं नाही. त्यानं कापसाचा भाव वाढेल का, हे मात्र चिठ्ठीवाल्यांनी मला बाहेर चहा पाजून विचारावं.