खोक्यातला खडू

नमस्कार श्रोतेहो. १९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार. खेळ चालवणारा, म्हणजे डंजन मास्टर, प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करणार ते बोलतात, आणि डाव साधला की फसला हे बऱ्याचदा फासे ठरवतात.

तिकडच्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत या खेळाची नियमपुस्तकं घरी न्यायला मिळतात. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या पद्धतीत, त्यांचा क्रमांक ७९३.९३. ही सोय उत्तमच. पण खेळ जपून ठेवायचा म्हटलं, की नुसतं पुस्तक पुरत नाही.

पहिल्या खोक्यात तीन पुस्तिका होत्या, फासे नव्हतेच. रानावनातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट वापरा, असं नियमांत सुचवलेलं होतं. म्हणजे खोकं जसंच्या तसं ग्रंथालयात आलं, तरी खेळ अपुराच. १९८०च्या आसपास नवशिक्यांसाठी जे संच निघाले, त्यांतल्या काहींत फाशांवरचे आकडे कोरलेले, पण रंगवलेले नसत. ते घासून भरायला खोक्यात मेणाचा खडू असे. ज्याला हे ठाऊक नाही तो ग्रंथपाल कुठल्या तरी मुलाचा खडू समजून तो बाजूला काढील.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे खेळाडूंनी भरलेले कागद. पात्राचं नाव, त्याची ताकद, पेन्सिलीनं शंभरदा खोडून लिहिलेले आकडे, चौकटीच्या कागदावर काढलेले तळघरांचे नकाशे. लिहिलेली प्रत म्हणजे खराब प्रत, ही सवय ग्रंथालयात मुरलेली आहे. देवघेवीच्या प्रतीपुरती ती योग्यही आहे. संग्रहात मात्र माझ्या मते हेच कागद आधी जपावेत. छापील नाटक आणि प्रॉम्प्टरच्या हातातली वही यांत जे अंतर असतं, तेच इथं आहे. छापील नियम सगळीकडे सारखे. समासात खरडलेला घरचा नियम, 'हे लागू नाही' म्हणून मारलेली काट, हे फक्त त्या एका टेबलाचं.

न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात 'द स्ट्राँग' हे खेळांचं संग्रहालय आहे. तिथं अभ्यासकांसाठी वेगळं ग्रंथालय आणि दप्तरखाना आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला तिथल्या खेळण्यांच्या मानाच्या दालनात २०१६ साली जागा मिळाली.

माझी कळकळीची विनंती ग्रंथपालांना आहे. असं खोकं कुणी देणगी म्हणून आणलं, तर पोच देऊन त्यांना लगेच जाऊ देऊ नका. कोण कोण खेळायला बसायचं, डंजन मास्टर कोण असायचं, एकच कथा किती वर्षं चालली, कुठले नियम तुम्ही बदललेत, हे त्याच दिवशी विचारून नोंदवून ठेवा. १९७४ साली विशीत असलेले खेळाडू आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.