मान वेगळा, चावी वेगळी

विषय दिलाय ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये कोणाला किती परमिशन द्यायची, आणि वेळ वीस मिनिटं, त्यातली पाच माइकने खाल्ली. तुम्ही सगळे गिट वापरणारे, त्यामुळे पुल रिक्वेस्ट म्हणजे काय ते सांगत बसत नाही, सरळ आमच्या वाड्यावर येतो.

जत्रेला नाटक असतं हे फोंड्यात कोणाला सांगायचं! इथल्या अर्ध्या लोकांनी तोंडाला रंग लावलाय, उरलेल्यांनी पडदा ओढलाय. तर आमच्या कपडेपटाच्या पेटीची चावी एका दादाकडे, का, तर पेटी त्याने आणली होती कधीकाळी. माणूस चांगला, पण लागला बोटीवर, आणि त्या वर्षी नेमकं पौराणिक नाटक. संध्याकाळी बघतो तर चावी दादाच्या बॅगेत आणि बॅग भर समुद्रात. कुलूप फोडलं, आत मुकुटच नाही! पुढच्या वर्षी सगळे शहाणे झाले, सात चाव्या करून आणल्या, मग आमच्या राजाची शाल कोणाच्यातरी साखरपुड्यात दिसली (हसू नका, फोटो आहे माझ्याकडे). बरं, दादाकडून चावी परत घेऊया म्हटलं तर कोणी तयार नाही, "त्याचा मान आहे ना रे". अरे, मानाला नारळ द्या, पत्रिकेत नाव छापा, चावी त्याला द्या ज्याला उद्या पेटी उघडायचीय. कुबरनेटीस या मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टवाले हेच करतात, काम सोडलेल्या अप्रूव्हरचं, म्हणजे बदल मंजूर करणाऱ्याचं, नाव मंजुरीवाल्यांच्या त्याच फाइलमध्ये एमेरिटस (निवृत्त मानकरी) म्हणून राहतं, अधिकार तेवढा जातो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. पळतो आता.

आपण कोड ठेवतो त्या गिटहबवर रेपो, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडची पेटी, पर्सनल अकाउंटवर असेल तर ओनर आणि कोलॅबोरेटर एवढंच, म्हणून आधी ऑर्गनायझेशन काढा. तिथे पाच रोल: रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन, अ‍ॅडमिन. ट्रायाज म्हणजे आपला प्रॉम्प्टर, इश्यूला लेबल लावेल, इश्यू बंद करेल, पण कोड पुश नाही करणार, विंगेतच राहील. नवीन माणसाला इथून सुरुवात द्या. अ‍ॅडमिन दोन तरी हवेत, म्हणजे एक बोटीवर गेला तरी चालेल, पण सात नकोत. मेन ब्रांच, म्हणजे कोडची मुख्य प्रत, प्रोटेक्ट करा, रिव्ह्यूशिवाय कुठलाही बदल तिच्यात मर्ज नाही, अ‍ॅडमिनलाही नाही.

आणि एक्सझेड, ते फाइली दाबून लहान करणारं टूल, त्याचं काय झालं ते विसरू नका. जिया टॅन नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गुणी मुलासारखे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवले, मूळ मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, एकटा, थकलेला, त्यात इतर अकाउंटवरून त्याला टोचणी, शेवटी या जियाला हक्क मिळाले आणि ५.६.० व्हर्जनमध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, आला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरायचं) अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून सापडला, नाहीतर कुठे पोचला असता!

काय? मुकुटाचं काय झालं? शेजारच्या वाड्याने दिला, डोक्याला मोठा, राजाने अख्खा दुसरा अंक एका हाताने मुकुट धरून काढला.