गाडी बंद आहे तोवरच बघा

नमस्कार श्रोतेहो. गेली बत्तीस वर्षं मी मिरजेत गाड्या दुरुस्त करतो. आज एकाच दुखण्याबद्दल बोलणार आहे. गाडी चालता चालता बंद पडते, सेल्फ मारला तरी स्टार्ट होत नाही. तुम्ही रस्त्याच्या कडेला घामाघूम होऊन उभे राहता. अर्ध्या तासाने सहज चावी फिरवावी तर गाडी काहीच झालं नसल्यासारखी सुरू होते. मग ती तुम्ही गॅरेजला आणता आणि मिस्त्री म्हणतो, गाडी तर चांगली आहे की!

त्या मिस्त्रीचं खोटं नसतं. गाडी त्याच्यापुढे येते तेव्हा दुखणं पळालेलं असतं. म्हणून पहिली गोष्ट सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गाडी बंद आहे तोवरच बघा. सुरू झाली की पुरावा गेला.

सांगलीतले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले होते, पाच-सहा वर्षं झाली असतील. त्यांची शेती नागजकडे. महिन्यातून दोन-तीनदा मिरज-पंढरपूर रस्त्याने जाणं-येणं. गाडी जुनी पेट्रोलची, प्लगच्या वायरी असलेली, पण जिवापाड जपलेली. भोसे मागे पडलं की शिरढोणच्या अलीकडे-पलीकडे ती गप्पकन बंद पडायची. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने टाकीतला पेट्रोल पंप, तिसऱ्याने बॅटरी. कॉम्प्युटर लावून पाहिला, त्यातही काही निघालं नाही. गुरुजी माझ्यापुढे बिलं मांडत म्हणाले, "मिस्त्री, आता तुम्ही सांगाल ते बदलू, नाहीतर विकून टाकू."

मी म्हटलं, "गुरुजी, बदलायचं नंतर बघू. बंद पडते ती कधी, तेवढं सांगा."

गुरुजी म्हणाले, "कधीही पडते."

आणि मागे स्टुलावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "कधीही नाही. माझ्याकडे लिहिलंय."

त्यांनी पिशवीतून गेल्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. तुमच्या-माझ्या घरात असतं तसलंच, दुधाचा हिशेब, गॅस सिलेंडर लावल्याची तारीख, धुण्याच्या बाईचे खाडे. आणि अधल्यामधल्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'गाडी, शिरढोण, दीड वाजता'. 'गाडी, कवठेमहांकाळ, तीन'. 'गाडी, पाऊण तास थांबलो, मग सुरू'. अशा नऊ नोंदी होत्या. मी त्या बोटाने एकेक करून वाचल्या. नऊच्या नऊ दुपारी बारा ते चारमधल्या. नऊच्या नऊ फेब्रुवारी ते मे. आषाढ-श्रावणाची पानं कोरी, आणि शेतावर जाणं तर तेव्हाही चालूच होतं.

श्रोतेहो, गाड्या तपासायची यंत्रं मी पुष्कळ पाहिली. त्या कॅलेंडरइतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. घरातली बाई जे टिपून ठेवते त्याला आपण हिशेब म्हणतो आणि बाजूला सारतो. माझ्या मते ती घरातली सगळ्यात खरी वही असते. डॉक्टरकडे जाताना ती न्यावी आणि मिस्त्रीकडे जातानाही न्यावी.

आता अंदाज बांधता येत होता. गार असताना चालते, तापली की मरते, निवली की जिवंत होते. पण अंदाजावर पार्ट बदलणार नाही, असं मी ठरवलेलं. कारण त्याच वाटेने तीन बिलं झाली होती. म्हटलं, "उद्या दुपारी बाराला निघू. मीही येतो. गाडी बंद पडली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो, एप्रिलचं ऊन. भोसे आलं तसं काकूंनी यल्लम्माच्या देवळाकडे हात जोडले. तिथला तो मोठा वड तुम्हाला आठवत असेल. चारशे वर्षांचा म्हणायचे. २०२० साली महामार्गात जाणार होता, लोकांनी हट्ट धरला आणि रस्ता बाजूने वळवला. पुढे दोनच वर्षांत तो उन्मळून पडला, तरी त्या हट्टाचा मला अभिमान आहे. रस्ते रुंद झाले, चांगले झाले, पण दुपारी गाडी बंद पडली तर माणसाने थांबायचं कुठे? कडेची झाडं गेली ती गेलीच. नवी लावली तर कुणीतरी उन्हाळ्यात त्यांना पाणीही घालायला हवं.

असो. शिरढोणच्या थोडं अलीकडे गाडी मेली. गचके नाहीत, खोकणं नाही. बटण दाबून दिवा विझवावा तशी. मी काकूंना म्हटलं, "लिहा, एक वाजून दहा मिनिटं." आणि खरं सांगतो, गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही.

गुरुजींना सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन जोरात फिरलं, म्हणजे बॅटरी ठीक. चावी बंद करून पुन्हा चालू केली आणि मागच्या सीटला कान लावला. दोन सेकंद गुंऽऽ असा आवाज आला, म्हणजे पंप ठीक. बरोबर आणलेला जादा प्लग वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला, गुरुजींनी सेल्फ मारला. ठिणगी नाही. इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरच्या वायरीच्या जोडाला छोटा दिवा लावला, तो एकदाही लुकलुकला नाही. आणि शेवटी डॅशबोर्ड बघितला. सेल्फ मारताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा काटा थोडा तरी हलायला हवा. हा शून्यावर चिकटलेला.

करंटही नाही आणि पेट्रोलही सुटत नाही. दोन्ही एकाच वेळी गेलं, तर दोघांना हुकूम देणारा एकच कुणीतरी गप्प बसलाय. तो म्हणजे क्रँक सेन्सर. अंगठ्याएवढी वस्तू, आत चुंबक आणि केसासारख्या तारेची गुंडाळी. इंजिनबरोबर दातेरी चक्र फिरतं, त्याचे दाते हा मोजतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो की इंजिन फिरतंय. ती बारीक तार आतून चिरली असेल तर तापल्यावर चीर उघडते, गार झाली की टेकते. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलंय. मग तो ठिणगी कशाला देईल आणि पेट्रोल तरी का सोडेल?

खात्री करायची राहिली होती. काकूंकडे माठातल्या पाण्याची बाटली होती. फडकं भिजवलं, त्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी तो सेन्सर होता, त्याच्यावर ठेवलं, वरून थोडं थोडं पाणी सोडत राहिलो. पाच मिनिटं झाली. एरवी पाऊण तास लागायचा. गुरुजींना म्हटलं, "मारा." पहिल्या सेल्फला गाडी सुरू!

गुरुजी स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं?" एवढंच होतं. एक बोल्ट, एक जोड, वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर बसवला.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भराभर सांगतो. गाडी चालताना बंद पडली तर आधी पार्किंग लाईट, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावा आणि वेग आहे तोवर डावीकडे घ्या. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही घट्ट होतो, तेव्हा ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू नका, दाबून धरा. गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होईल.

मग आठवा, मेली कशी? फटकन मेली तर बहुधा करंटचा दोष. गचके देत, दम लागल्यासारखी मेली तर बहुधा पेट्रोलचा. पुन्हा सांगतो. फटकन, तर करंट. गचके देत, तर पेट्रोल.

सेल्फच फिरत नसेल, दिवे मंद असतील आणि आधीपासून बॅटरीचा लाल दिवा लागला असेल, तर डायनामो चार्ज करत नाही. नवी बॅटरी घालून चार दिवस ढकलता येतील, दोष राहीलच. टर्मिनल मात्र हलवून बघा, सैल टर्मिनलने पुष्कळांना फसवलंय.

पंपाचा गुंऽऽ आवाज येत नसेल तर फ्यूज बघा आणि रिले, म्हणजे पंपाला करंट जोडून देणारी छोटी डबी, तीही बघा. शेजारी तशाच आकाराचा, तेच आकडे छापलेला रिले असेल तर अदलाबदल करून बघता येते. आणि टाकी कायम तळाला ठेवून गाडी चालवू नका. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. दोनशेचं पेट्रोल टाकून फिरणाऱ्यांचे पंप मी जास्त बदललेत.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर सेल्फ मारू नका, रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. सेल्फ मारताना इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतंय असं वाटलं तर थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असेल, आणि हट्टाने फिरवत राहिलात तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. डिझेलवाल्यांनी फिल्टरमधलं पाणी आणि पाइपातली हवा आधी बघावी. ट्रॅक्टरवाल्यांना हे मी शिकवायला नको.

ठिणगी बघायचं काम मात्र घरी हाताने करू नका, झटका मोठा असतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असते. ते मिस्त्रीला करू द्या. तुम्ही त्याला तिथूनच, गाडी बंद असतानाच, फोन लावा आणि चार गोष्टी सांगा. सेल्फ घेते का. पंप वाजतो का. आरपीएमचा काटा हलतो का. किती वेळ चालून बंद पडली. आणि गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन्सिल आजच ठेवा. पेन्सिलच ठेवा, पेनची शाई उन्हात वाळते.

नमस्कार.