बावीस नंबरची बोट

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला अशा एका बोटीबद्दल सांगणार आहे, जिला नाव नव्हतं. होता तो नुसता नंबर, २२. दुसऱ्या महायुद्धातली ही जपानी युद्धनौका. मालवाहू बोटींच्या काफिल्यांची राखण करायची आणि पाणबुडी दिसली की तिच्यावर तुटून पडायचं, एवढंच तिचं काम. जपानी आरमारात अशा बोटींना काइबोकान म्हणत. युद्धकाळात अशा १७० च्या आसपास बोटी बांधल्या गेल्या आणि त्यातल्या सत्तराहून अधिक बुडाल्या. यामातोसारख्या अजस्र जपानी युद्धनौकेवर ढिगानं पुस्तकं निघाली, पण या बोटींची नावं सांगा म्हटलं तर इतिहासाची आवड असणारेही गडबडतात. मला हे खटकतं, म्हणून आज हा विषय निवडला.

आधी जपानची अडचण समजून घेऊ. देश बेटांचा. तेल, रबर, बॉक्साइट सगळं बाहेरून यायचं. तेलासाठीच तर १९४१-४२ साली जपानी फौजा बोर्निओ आणि सुमात्रापर्यंत गेल्या. विहिरी हाती आल्या, पण तेल मायदेशी पोचवायचं तर हजारो मैलांचा समुद्र ओलांडायला हवा. त्या वाटेवर पाणबुड्या टपून बसणार, हे कुणालाही कळायला हवं होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनला कसं जेरीस आणलं, ते जगानं पाहिलं होतं. तरीही जपानी आरमाराच्या वरिष्ठांच्या डोक्यात एकच चित्र होतं: समोरासमोरची एक मोठी लढाई आणि तिच्यात अमेरिकेचा निकाल. मालवाहू बोटींबरोबर रखडत जाणं हे त्यांच्या लेखी दुय्यम काम होतं. हुशार अधिकाऱ्यांना तिकडे जावंसं वाटत नसे. काफिल्यांच्या रक्षणासाठी एकच मोठी कचेरी उभी राहिली ती नोव्हेंबर १९४३ मध्ये. तोवर युद्धाला दोन वर्षं होत आली होती.

या दुर्लक्षाची किंमत कुणी मोजली, याचं एक उदाहरण आपल्याशी जोडलेलं आहे. जानेवारी १९४३ मध्ये न्यू गिनीच्या उत्तरेला चार जपानी बोटी चालल्या होत्या, सोबत एकही राखणदार नाही. 'वाहू' या अमेरिकन पाणबुडीनं त्यांना गाठलं. त्यातल्या बुयो मारू या बोटीवर सुमारे पाचशे भारतीय युद्धकैदी होते, पंजाब रेजिमेंटचे जवान. जवळपास दोनशे जण त्या दिवशी मेले. आपली माणसं खाली आहेत, हे पाणबुडीवाल्यांना माहीत नव्हतं. मला राग येतो तो जपानी आरमारावर. कैद्यांनी भरलेली बोट त्यांनी उघड्या समुद्रात राखणदाराविना सोडली होती.

आता आपल्या बोटीकडे येऊ. १९४३ साली जपाननं घाईघाईत दोन नमुने ठरवले. एकाला डिझेल इंजिन, त्याच्या बोटींना विषम आकडे. दुसऱ्याला वाफेवर चालणारं टर्बाइन, त्याच्या बोटींना सम आकडे. डिझेल इंजिनं पुरेनात, म्हणून मालवाहू बोटींसाठी बनणारं टर्बाइन उचलून दुसऱ्या नमुन्यात बसवलं. आधीच्या काइबोकानांना बेटांची नावं दिलेली होती: शिमुशू, मात्सुवा, सादो. आता नावं देण्याचीही चैन उरली नव्हती. सांगाड्याचे बाक कमी केले, पत्रे शक्य तितके सपाट ठेवले, भाग वेगवेगळे जोडून मग एकत्र सांधले. काही गोद्यांमध्ये तर अडीच-तीन महिन्यांत बोट तयार होऊ लागली.

२२ नंबर या दुसऱ्या नमुन्यातली. ती १९४४ च्या मार्चमध्ये आरमारात दाखल झाली. लांबी सत्तर मीटरला जेमतेम कमी, वजन ७४० टन, वर दीडशे-एकशे साठ माणसं. वेग १७.५ नॉट, म्हणजे ताशी साडेसतरा सागरी मैल. हा आकडा लक्षात ठेवा, कारण अमेरिकन पाणबुडी पाण्यावरून वीस नॉटनं पळू शकत होती. म्हणजे रात्री पाणबुडी पृष्ठभागावर राहून पळाली, तर राखणदाराला ती सापडणं कठीण. बोटीचा सगळा भरवसा होता मागच्या भागात रचून ठेवलेल्या १२० डेप्थ चार्जांवर.

डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकानं भरलेलं पिंप. ठरलेल्या खोलीवर पाण्याचा दाब पडला की फुटतं. ऐकायला सोपं वाटतं, पण वापरणाऱ्याचा कस लागतो. बोटीतून पाण्यात आवाज सोडायचा, तो पाणबुडीवर आदळून परत आला की अंतर आणि दिशा कळते. मात्र अगदी जवळ गेल्यावर तो प्रतिध्वनी मिळेनासा होतो. नेमकं पाणबुडीच्या डोक्यावर पोचताना राखणदार आंधळा असतो. शेवटचं अंतर अंदाजानं कापायचं, पिंपं दोन्ही बाजूंना उडवायची, मागून सोडायची. ती खाली जाईपर्यंत पाणबुडी वळलेली असते. शिवाय आपल्याच स्फोटांनी पाणी असं ढवळून निघतं की काही काळ काहीच ऐकू येत नाही. मग लांब जाऊन पुन्हा शोधायचं, पुन्हा धावून यायचं. युद्धाच्या सुरुवातीला तर जपानी पिंपं फार खोलवर फुटतच नसत आणि कित्येक अमेरिकन पाणबुड्या त्यांच्या खालून निसटून गेल्या.

ऑगस्ट १९४४. हि-७१ नावाचा मोठा काफिला फिलिपिन्समधल्या मनिलाकडे येत होता. त्याच्यासोबत तैयो ही विमानवाहू नौका आणि अनेक राखणदार होते. तरी १८ ऑगस्टच्या रात्री मनिला ज्या बेटावर आहे त्या लुझॉनच्या वायव्येला पाणबुड्यांनी त्याची दाणादाण उडवली. तैयो बुडाली, सैनिकांनी खच्चून भरलेल्या बोटी बुडाल्या, हजारो माणसं गेली. सादो, मात्सुवा आणि हिबुरी ही तीन काइबोकानं पाणबुड्या शोधायला मागे थांबली. २२ तारखेला ती मनिलाच्या तोंडाशी आली, तेव्हा 'हार्डर' आणि 'हॅडो' या दोन पाणबुड्यांनी तिन्हीही बुडवली. बंदर समोर असताना.

'हार्डर' ही साधीसुधी पाणबुडी नव्हती. तिचा कप्तान सॅम्युएल डीली. विनाशिका पाहून इतर कप्तान पळ काढत, हा तिला अंगावर येऊ देई आणि थेट तिच्या नाकावर पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडी. जूनमध्ये तावी-तावी बेटांजवळ त्यानं चार दिवसांत तीन जपानी विनाशिका बुडवल्या होत्या. त्याच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला २२ नंबरच्या त्या दीडशे माणसांची आठवण काढावीशी वाटते, ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

२४ ऑगस्टची सकाळ. लुझॉनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दासोल उपसागरातून २२ नंबर बाहेर पडली. सोबत १०२ क्रमांकाची गस्ती बोट होती आणि तिची गोष्ट ऐकून तुम्ही चकित व्हाल. ती मुळात अमेरिकन विनाशिका 'स्टुअर्ट'. १९४२ च्या सुरुवातीला जावातल्या सुराबाया बंदरात दुरुस्तीला लावलेली असताना ती कलंडली. जपानी येताहेत म्हणून अमेरिकनांनी ती तिथेच निकामी करून सोडली. जपान्यांनी वर काढली, दुरुस्त केली आणि आपल्या आरमारात घेतली. अमेरिकन वैमानिक कळवत असत की शत्रूच्या पाण्यात आपल्यासारखीच एक बोट दिसते. पाण्याखाली 'हार्डर' आणि 'हेक' या दोन पाणबुड्या वाट पाहत होत्या. 'हेक'च्या कप्तानाला धोका जाणवला आणि तो वळला. वळताना त्याला समोर सहा-सातशे यार्डांवर 'हार्डर'चा पेरिस्कोप दिसला. त्यानंतर 'हार्डर' कुणालाच दिसली नाही.

२२ नंबर सरळ तिच्या दिशेनं आली. डीलीनं आपली नेहमीची चाल खेळली: तीन पाणतीर. समोरून येणारी बोट म्हणजे लक्ष्य जेमतेम काही मीटर रुंद, आणि पाणतीर चुकवायला बोटीजवळ काही क्षणच. दोन दिवसांपूर्वी आपली तीन भावंडं याच पाणबुडीवाल्यांनी मारली होती, हे बोट जिथून चालवतात त्या पुलावर उभ्या असलेल्या माणसांना ठाऊक असणारच. तरी ती पळाली नाही. तिन्ही पाणतीर चुकले. मग २२ नंबरनं हल्ले सुरू केले. एकदा पिंपं सोडली, लांब गेली, पुन्हा ऐकलं, पुन्हा आली. जपानी नोंदींनुसार पाचव्या हल्ल्यात 'हार्डर' गेली. 'हेक'नं सात अठ्ठावीसला पंधरा स्फोटांची मालिका ऐकली होती. 'हार्डर'वर ७९ माणसं होती, एकही वाचला नाही. डीलीला मरणोत्तर अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला.

या पाच फेऱ्यांमध्ये मला काइबोकानाचं सगळं सार दिसतं. इथे झटपट पराक्रमाला वाव नाही. चिकाटीनं तेच तेच काम पुन्हा करायचं, आणि प्रत्येक फेरीत पाणतीर अंगावर येण्याचा धोका. राखणदाराचा खरा विजय तर बहुतेक वेळा नोंदलाच जात नाही. काफिला सुखरूप बंदराला लागला की त्या दिवसाची बातमी होत नाही.

अर्थात, एका बोटीनं युद्धाचं पारडं फिरत नाही. तोवर फार उशीर झाला होता. १२ जानेवारी १९४५ ला हि-८६ हा तेलवाहू काफिला व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन विमानांच्या तावडीत सापडला. दहाच्या दहा मालवाहू बोटी एका दिवसात गेल्या. सोबतची काही काइबोकानंही बुडाली. पाणबुड्यांसाठी बांधलेल्या बोटी शेकडो विमानांपुढे काय करणार? मार्चपर्यंत सिंगापूरहून तेल येणं बंद झालं. ज्या काळात काफिले वाचवता आले असते, त्या काळात या बोटी नव्हत्या, आणि त्या तयार झाल्या तेव्हा वाचवायला फारसं उरलं नव्हतं. दोष खलाशांचा नव्हता, वर्षानुवर्षं हे काम हलकं मानणाऱ्यांचा होता.

युद्ध संपलं तेव्हा २२ नंबर तरंगत होती. उरलेल्या काइबोकानांच्या तोफा काढल्या आणि त्यांना नवं काम मिळालं: परदेशात अडकलेल्या जपानी सैनिकांना आणि नागरिकांना घरी आणणं. साठ लाखांहून अधिक माणसं देशाबाहेर होती. १९४७ मध्ये यातल्या बऱ्याच बोटी अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि चीननं वाटून घेतल्या.

२०२४ मध्ये 'हार्डर' सापडली. टिम टेलर यांच्या शोधपथकानं लुझॉनजवळ ३,००० फुटांहून अधिक खोलीवर तिचा ठाव घेतला. ती तळाशी सरळ उभी आहे, बऱ्यापैकी धड. पाणबुडीच्या मनोऱ्याच्या मागे डेप्थ चार्जचा घाव आहे, म्हणजे त्या पाचव्या फेरीचा अंदाज अचूक होता. योगायोग असा की त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे 'स्टुअर्ट'ही सापडली. युद्धानंतर अमेरिकनांनी तिला जपानच्या कुरे बंदरातून परत नेलं आणि १९४६ मध्ये नेमबाजीच्या सरावात बुडवलं होतं.

आणि काइबोकान? शेवटचं उरलेलं होतं ते 'शिगा'. तटरक्षकांची प्रशिक्षण नौका म्हणून ते अनेक वर्षं चाललं, मग चिबा शहरानं किनाऱ्यावर आणून त्याचं नागरिकांसाठी केंद्र केलं. मुलं त्याच्या डेकवर खेळत. पत्रा गंजत गेला, दुरुस्तीचा खर्च वाढला आणि १९९८ मध्ये ते मोडीत काढलं. त्या माणसांनी कशा बोटीवर दिवस काढले, हे हात लावून पाहता येईल असं जगात आता एकही काइबोकान नाही. ते मोडायला नको होतं, असं मला ठामपणे वाटतं. नमस्कार.