वयात येण्याआधीच ठरलेलं

(दृश्य: पुण्यातला सिंहगड रस्ता. सोसायटीचं पार्किंग. रात्रीचे साडेआठ.)

खांबावर पाटी आहे: 'मुलांनी पार्किंगमध्ये घोळका करून बसू नये.' पाटीखालीच सात-आठ मुलं बसली आहेत. पाठीवर क्लासच्या सॅक, सायकली भिंतीला टेकवलेल्या. एकाच्या फोनवर भूमितीच्या प्रमेयाचा फोटो आहे आणि बाकीचे त्यावर वाकलेत. जिन्यातून उतरणाऱ्या काकू जाता जाता म्हणतात, "अभ्यास नाही का रे तुम्हाला?" कुणीच उत्तर देत नाही. फोन खिशात जातो.

ती पाटी सहावीतला मुलगाही वाचतो. तो अजून त्या घोळक्यात नाही. पण दोन-तीन वर्षांनी आपणही तिथे असू आणि लोक आपल्याकडे असंच बघतील, हे त्याला आत्ताच समजलेलं असतं. घरातही तेच कानावर पडतं. "आत्ता गोड आहे, आठवीत गेला की शिंगं फुटतील." "दहावीपर्यंत काय ते मुठीत ठेवा, पुढे कोण ऐकतंय!" वाईट हेतू कुणाचाच नसतो. मायेच्या माणसांकडून आलेलं असतं म्हणूनच ते मुलाला खरं वाटतं.

किशोरवय म्हणजे वादळ, ही कल्पना मानसशास्त्रात रुजवली अमेरिकेतल्या जी. स्टॅन्ली हॉल यांनी, १९०४ साली. पुढच्या अभ्यासकांना मात्र असं दिसलं की पुष्कळ मुलं मोठ्या भांडणांशिवाय हे वय पार करतात. मग वादळ येतं कुठून? २००९ साली ब्यूकॅनन आणि ह्यूज या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहावी-सातवीतल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना त्यांनी आधी विचारून ठेवलं होतं, की पुढे काय होईल असं वाटतं? मूल बंडखोर होईल, दोस्तांच्या नादी लागेल, घरापासून तुटेल, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या बाबतीत वर्षभरानंतर तसं वागणं जास्त आढळलं. सगळं काही अपेक्षेनं घडतं असं नाही. शरीर बदलतं, मेंदूही बदलतो. पण अपेक्षेचाही त्यात हात असतो.

(दृश्य: अकरावीचा सकाळचा वर्ग. शेवटच्या बाकावर डोकं टेकलेलं.)

झोपेचंच घ्या. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, त्यामुळे अकरा-साडेअकराच्या आत डोळा लागत नाही आणि सकाळी सहाला उठवत नाही. हे सारं शरीराचं काम. घरात त्याला एकच शब्द असतो, आळशी. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेही पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच. घड्याळ ज्यांचं खरोखर पुढे सरकलं आहे ती मुलं त्यात नाहीत. रोज 'आळशी' ऐकणारा मुलगा काही दिवसांनी स्वतःच म्हणू लागतो, "मी आहेच आळशी." तिथून पुढे तो प्रयत्नच कमी करतो. मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं.

आणि हे शिक्के सगळ्यांना सारखे बसत नाहीत. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यातल्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रोज यायला लागला, कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांसाठी. हल्ले खरे होते, लोकांची भीती खरी होती, त्यात अल्पवयीन मुलंही होती. पण तो शब्द चिकटला वस्तीत राहणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या मुलांनाही. मॉलच्या दारात रखवालदार त्यांनाच थांबवतो. ओळख करून देताना ती वस्तीचं नाव गाळतात आणि जवळच्या चौकाचं सांगतात. सोसायटीतला मुलगा चुकला तर 'वयच तसं आहे'. वस्तीतला चुकला तर 'ही पोरं अशीच'. पंधराव्या वर्षी हा फरक मुलांना पुरेपूर कळतो.

(दृश्य: मुठेचा काठ. ढोल-ताशा पथकाचा सराव.)

गणपतीच्या आधी इथे याच वयाची मुलं दिसतात. एक मुलगी ढोलाच्या दोऱ्या आवळते आहे. गुडघा टेकवून ओढते, टिपरूचा एक ठोका देते, कान लावते, पुन्हा ओढते. मनासारखा आवाज निघेपर्यंत ती कुणाकडे बघत नाही. इथे तिच्यावर काम सोपवलेलं आहे आणि ती ते करणार, हे सगळ्यांनी धरलेलं आहे.

याच पुण्यात १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे हिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. ती चौदा वर्षांची होती. तिनं धर्माला जाब विचारला, पेशवाईतला जुलूम मांडला. आज त्याच वयाच्या मुलीनं घरात असे प्रश्न विचारले, तर आपण त्याला उलट उत्तर म्हणतो.

यांग चू आणि इव्हा पोमेरांत्झ या संशोधकांनी चीनमधल्या सातवीच्या मुलांबरोबर एक साधा प्रयोग केला. किशोरवयीन मुलं बेजबाबदारच असतात हे चित्र अपुरं आहे, असं मुलांना सांगितलं आणि जबाबदारीनं वागणाऱ्या मुलांबद्दल लिहायला लावलं. पुढच्या काही दिवसांत त्या मुलांनी अभ्यासात जास्त लक्ष घातलं.

आपल्या सातवीच्या वर्गात हे सहज करता येईल. शेजारचा दादा, वरच्या मजल्यावरची ताई घरासाठी काय काय करतात ते लिहा, एवढंच सांगायचं. आजीच्या गोळ्या आणणं, धाकट्याला बसस्टॉपवर सोडणं, टँकर आला की पाणी भरणं. एक तास आणि वहीचं एक पान लागेल.