पत सोबत येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीनिमित्त परदेशी निघालेला माणूस व्हिसाची चौकशी करतो, घराची करतो. क्रेडिट कार्ड मात्र गृहीत धरतो. पगार चांगला, डोक्यावर कर्ज नाही, मग बँक नाही कशाला म्हणेल? पण नाहीच म्हणते हो! कारण पत सोबत येत नाही. कर्जफेडीच्या नोंदींवरून भारतात सिबिलचे गुण ३०० ते ९०० मध्ये मोजतात, अमेरिकेत फायकोचे ३०० ते ८५०. नोंदी ठेवणाऱ्या संस्था वेगळ्या, कायदे वेगळे. भारतातले ८०० गुण तिकडे सहसा कुणी वाचत नाही.

माझे एक स्नेही बँकेच्या कर्जविभागात होते. दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात त्यांची हयात गेली. पुढे परदेशात चांगली नोकरी लागली आणि ज्या बँकेत पगार जमा व्हायचा, तिथेच त्यांनी कार्डासाठी अर्ज केला. फॉर्ममधल्या चौकटींत पासपोर्टवरचं पूर्ण नाव मावेना. कापून लिहिलं, तर संगणक म्हणाला, नाव जुळत नाही. फोन केला. हे हवं असेल तर एक दाबा, ते हवं असेल तर दोन दाबा, आणि मग ती धून! मला विचाराल, तर ती धून निवडणाऱ्याला आधी स्वतःला अर्धा तास ऐकायला लावावी. आम्ही इथे एखादं गाणं मध्येच तोडलं तर श्रोत्यांची पत्रं येतात, या बँकांना कुणी विचारत नाही. असो.

नाव जुळलं, आणि पत्र आलं : नामंजूर. कारण, पतइतिहास अपुरा.

स्नेही शाखेत गेले. समोरचा तरुण अधिकारी अगदी अदबीनं म्हणाला, "तुम्ही यापूर्वी कधी कर्ज घेतलंय का?"

"घेतलं नाही. आयुष्यभर वाटलंय."

या उत्तरासाठी संगणकात रकानाच नव्हता. अधिकाऱ्यानं मार्ग सुचवला : आमच्याकडे ठेव ठेवा, तेवढ्या मर्यादेचं कार्ड देतो.

"म्हणजे माझेच पैसे मला उसने?"

"हो, तसंच."

स्नेह्यांनी करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, अधिकाऱ्यानं कोरा सोडलेला एक रकाना दाखवला आणि कागद परत सरकवला. "हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी माघारी पाठवला असता." सही त्यानंतर केली.

तर मंडळी, ठेवीवरचं कार्ड घ्या. किरकोळ खर्च करा, बिल मुदतीत आणि पूर्ण भरा. फायकोचे गुण तयार व्हायला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं, तेव्हा घाई नको. एकानं नाकारलं म्हणून दहा बँकांकडे धावू नका; प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि गुण घसरू शकतात. नकाराचं कारण विचारा, अमेरिकेत तर ते सांगणं बँकेवर कायद्यानं बंधनकारक आहे. अमेरिकन एक्स्प्रेससारखी कंपनी काही देशांत आपल्या जुन्या कार्डधारकाचा पूर्वीचा व्यवहार विचारात घेते. आधीपासून त्यांचं कार्ड असेल तर निघण्यापूर्वीच बोला.

पुन्हा सांगतो, पत सोबत येत नाही. म्हणून भारतातलं जुनं कार्ड बंद करू नका. आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम चालू ठेवा, नाहीतर ते कार्डही नुसतं खिशात राहील.